गंगाघाटाच्या जुन्या खुणा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नाशिकच्या गोदाकाठावरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि बहुतेक पत्रांतही तोच शब्द आला आहे, म्हणून उत्तरांतही तो तसाच ठेवला आहे.

प्रश्न : माझे बालपण भद्रकालीत गेले. पहाटे आजोबांबरोबर गंगेवर जाण्याचा नेम होता. लग्नानंतर नाशिक सुटले. अलीकडे रामकुंडावर गेले, तेव्हा पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती सोडली तर ओळखीचे फारसे काही दिसले नाही. आज दिसणारा घाट खरोखर किती जुना आहे? जुने होते ते गेले कुठे? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : पूर्वी केव्हातरी हा घाट पूर्ण होता आणि नंतर तो बिघडत गेला, असे आपल्या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. गंगाघाट एका वेळी, एका आराखड्यानुसार कधीच बांधला गेला नाही. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमध्ये नदीपात्रातील कुंडांची एकामागून एक नोंद आहे आणि शक्य तेथे ते कोणी बांधले हेही सांगितले आहे. रामकुंड चित्रराव खटारकर यांनी १६९६ मध्ये बांधले आणि पुढे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली, असे त्यात नमूद आहे. कुंडाची लांबी ८३ फूट आणि रुंदी ४० फूट दिली आहे. म्हणजे ज्याला आपण सरसकट पेशवेकालीन रामकुंड म्हणतो, तेही मुळात आधीच्या कामावर केलेली डागडुजीच आहे. लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहल्याकुंड, शारंगपाणी कुंड, पेशवे कुंड ही सारी वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या दात्यांच्या पैशांतून उभी राहिली. पुराने पायऱ्या वाहून नेल्या की ज्याला जमेल त्याने त्या पुन्हा बसवायच्या, अशीच येथील रीत होती.

तरीही आपल्याला जे परके वाटले, ते उगाच नाही. एका पिढीच्या डोळ्यांदेखत या काठावर जेवढे बदल झाले, तेवढे आधीच्या शंभर वर्षांत झाले नसावेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा बदल दगडांचा नसून पाण्याचा आहे. शहराच्या पश्चिमेस गंगापूरचे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी घाटावरचे पाणी ऋतूप्रमाणे चाले : आषाढात गढूळ आणि फुगलेले, अश्विनात नितळ, वैशाखात एखाद्या धारेपुरते उरलेले. कोणत्या महिन्यात कोणत्या पायरीवर बसून धुणे धुवायचे, हे काठावरच्या बायकांना ठाऊक असे. धरणानंतर रामकुंडातील पाणी धरणाच्या आवर्तनावर (ठरवून सोडलेल्या पाण्यावर) आणि पावसाळ्यातल्या विसर्गावर अवलंबून राहू लागले. पायऱ्या त्याच राहिल्या तरी त्यांचा पाण्याशी असलेला हिशेब बदलला. आपल्या आजोबांच्या पायरीला आता वर्षातून किती दिवस पाणी लागते, हे पंचांग पाहून सांगता येणार नाही. त्यासाठी पाटबंधारे खात्याचे वेळापत्रक पाहावे लागेल.

सांडव्यांचे तेच झाले. पात्रात आडवे घातलेले हे बुटके दगडी बांध दुहेरी कामाचे होते : त्यांच्यामुळे कुंडांत पाणी टिकून राही आणि पाणी उतरले की त्यांच्यावरून चालत पंचवटीत जाता येई. पूल झाले तशी सांडव्यांवरची वर्दळ आटली आणि वर्दळ आटली तशी त्यांची देखभालही सुटली. सांडव्यावरची देवी आजही आहे, पण हे नाव ऐकून ‘सांडवा म्हणजे काय’ असे विचारणारी मुले आता नाशिकमध्येच भेटतात.

दुसरे कारण सिंहस्थ. दर बारा वर्षांनी येणारा हा मेळा घाटासाठी निधीही आणतो आणि मुदतही आणतो. त्यांपैकी मुदतीनेच अधिक नुकसान केले, असे माझे मत आहे. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत कुंडांच्या तळाशी काँक्रीट घालण्यात आले. त्यामागे निव्वळ अविचार होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लाखोंच्या गर्दीत कोणाचा पाय घसरू नये आणि तळातला गाळ यंत्राने काढता यावा, ही गरज खरीच होती. मात्र तळ बंद झाल्याने पात्रातील जिवंत झरे बुजले, अशी तक्रार पुढे सातत्याने होत राहिली. गोदावरीच्या प्रदूषणाबाबतची जनहित याचिका २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि काँक्रीटचा विषयही त्यानंतर चर्चेत राहिला. नंतर काही कुंडांतला थर काढण्याचे काम झाले. तो काढताना जुन्या दगडी पायऱ्यांना यंत्रांचा धक्का लागल्याची तक्रारही झाली. घालताना घाई आणि काढतानाही घाई.

जुनी पायरी ओळखायची असेल तर उन्हे कलल्यावर जावे. तिरप्या उजेडात जुन्या दगडावरचे टाकीचे घाव उठून दिसतात; ते एका दिशेने पण थोडे वाकडेतिकडे असतात, कारण प्रत्येक घाव हाताने घातलेला असतो. पायरीची धार गोलसर झालेली असते, मध्यभागी पावलांनी केलेला उथळ खळगा असतो आणि दोन दगडांची उंची सहसा सारखी नसते. यंत्राने कापलेल्या पायरीची धार सरळ, जाडी सारखी आणि सांध्यात सिमेंटची राखी रेघ. पाच मिनिटे पाहिले की हा फरक कोणालाही कळतो, आणि मग असेही दिसते की आपल्याला वाटते त्याहून बऱ्याच जुन्या पायऱ्या अजून जागेवर आहेत.

प्रश्न : पूर आला की बातम्यांत एकीकडे ‘इतके क्युसेक विसर्ग’ सांगतात आणि दुसरीकडे ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी’ असेही सांगतात. मोजमापाची साधने असताना मूर्तीवरून पूर सांगण्याची गरज काय? आणि हे माप आजही खरे ठरते का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : क्युसेकमधला (म्हणजे दर सेकंदाला इतके घनफूट असा) आकडा किती पाणी वाहते आहे ते सांगतो, मारुती पाणी कुठवर आले ते सांगतो. काठावरच्या दुकानदाराला दुसरी गोष्ट आधी कळायला हवी असते. पायाला पाणी लागले की पटांगणावरचे फेरीवाले पाल उचलतात. कमरेला लागले की खालच्या अंगाच्या दुकानांतला माल माळ्यावर चढू लागतो. छातीच्या वर गेले की भांडी बाजार आणि सराफ बाजार रात्रभर जागा राहतो. मूर्ती पूर्ण बुडाली तर पुढे काय, ते सांगण्याची गरज उरत नाही. हा अनुभवातून बसलेला संकेत आहे आणि शहराच्या जुन्या भागात तो अजूनही भोंग्याआधी पोहोचतो. नारोशंकराच्या देवळातल्या मोठ्या घंटेचाही पूर्वी असाच दाखला दिला जाई : घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर. हे देऊळ नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधले. घंटा पोर्तुगीज घडणीची असून १७३९ च्या वसईच्या विजयाची ती खूण आहे, अशी परंपरा आहे.

आता आपल्या प्रश्नाचा कठीण भाग. मारुती जागचा हललेला नाही, पण त्याच्या भोवतीचे पात्र पूर्वीचे राहिलेले नाही. नदीतून जाणाऱ्या ठरावीक पाण्याला ठरावीक रुंदी आणि खोली लागते. पात्रात भराव पडला, पुलांचे खांब आले, घाटाची बांधकामे आत सरकली किंवा तळ वर आला, तर तेवढेच पाणी अधिक उंचीवरून वाहते. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी मारुतीच्या कमरेला लागलेले पाणी आणि आज कमरेला लागलेले पाणी यांत क्युसेकच्या हिशेबाने फरक पडू शकतो. आजोबांच्या काळातल्या पुराशी आजच्या पुराची तुलना निव्वळ मूर्तीवरून केली तर चूक होईल. दुकानात पाणी शिरेल की नाही, एवढ्यापुरता मात्र मारुती आजही विश्वासू आहे, कारण दुकान आणि मूर्ती दोन्ही आपापल्या जागी आहेत.

धरण झाल्यावर पूर संपले असा समज काही पत्रांतून दिसला. धरण पूर्ण झाल्यानंतर चारच वर्षांनी, सप्टेंबर १९६९ मध्ये, नाशिकने महापूर पाहिला. नंतर सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्येही पाणी बाजारपेठेत आले. धरण भरत आलेले असताना वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला तर पाणी सोडावेच लागते, आणि धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचे पाणी तर कोणाच्याच हातात नसते. दहीपुलाकडे पाणी शिरते त्याला सरस्वती नालाही कारण असतो. नदी फुगली की नाल्याच्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ते उलटे बाजारात येते.

प्रश्न : आमचे वडील ‘व्हिक्टोरिया पूल’ म्हणत, आम्ही ‘होळकर पूल’ म्हणतो. पूल एकच का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : होय, एकच. रविवार कारंजा आणि पंचवटी यांना जोडणारा हा पूल १८९५ मध्ये खुला झाला तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरियाचे नाव होते. आज तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. पाटबंधारे खात्याकडून येणारे पुराचे आकडेही ‘होळकर पुलाखाली’ असेच दिलेले असतात. म्हणजे रहदारीसाठी बांधलेल्या या पुलाला आता मोजपट्टीचे कामही लागले आहे.

प्रश्न : दर पावसाळ्यात काझीच्या गढीचा कडा कोसळल्याची बातमी येते, रहिवाशांना नोटिसा जातात आणि पाऊस संपला की सारे विसरतात. ही गढी मातीचा ढिगारा आहे की तिला काही इतिहास आहे? (शिक्षिका, जुने नाशिक)

उत्तर : ती मातीचीच आहे, आणि तिचा इतिहास त्या मातीतच आहे. नदीकाठच्या या टेकाडाला जुनी गढी असेही म्हणतात. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये येथे उत्खनन केले. नाशिक आणि जोर्वे या दोन्ही ठिकाणच्या कामाचा त्यांचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाण काळापासून सातवाहन काळ आणि पुढे मुसलमानी अमलापर्यंतच्या वस्तीचे थर येथे एकावर एक सापडले. काळाराम मंदिर आणि घाटावरची बहुतेक देवळे अठराव्या शतकातली आहेत. त्यांच्या तुलनेत गढी हजारो वर्षांनी मोठी. गावाचा सर्वांत जुना अवशेष हाच, आणि यात्रेकरूंना दाखवायच्या ठिकाणांत त्याचे नाव मात्र नसते.

कडा कोसळतो त्याला नदी एकटी जबाबदार नाही. पायथ्याची माती पुराचे पाणी खरवडून नेते हे खरे, पण माथ्यावरच्या वस्तीचे सांडपाणीही मुरत राहते आणि पावसात सगळा भार सैल होतो. संरक्षक भिंतीची मागणी जुनी आहे. ती बांधताना पाण्याचा निचरा आधी पाहावा लागेल. निचरा नसलेली भिंत मागची भिजलेली माती फार वर्षे धरू शकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, भिंतीच्या पायासाठी जे खणले जाईल ते साधे खोदकाम म्हणून ट्रकमध्ये भरून जाऊ नये. पुरातत्त्व जाणणारे कोणीतरी तेथे उभे असावे. रहिवाशांच्या पुनर्वसनाचा प्रश्न या दोन्हींच्या आधीचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस देणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

प्रश्न : घाटाजवळ आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. तो निळ्या पूररेषेत येतो, म्हणून नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. डागडुजी करावी तर गवंडी सिमेंट सुचवतो आणि रंगारी दगडाला ऑइलपेंट द्यायला सांगतो. आम्ही काय करावे? (एक वाचक, गंगाघाट परिसर)

उत्तर : पूररेषेविषयी थोडक्यात : सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवतात. नाशिकमध्ये २००८ च्या पुरानंतर या रेषांना खरे महत्त्व आले. आपल्या वाड्याला कोणत्या दुरुस्तीची मुभा आहे, हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

सिमेंट आणि ऑइलपेंट या दोन्हींना मात्र आम्ही स्पष्ट नकार देऊ. जुन्या वाड्याची भिंत दगड, विटा, माती आणि चुना यांची असते. ती पुरात आणि पावसात पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते हळूहळू बाहेर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा दिला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. ओल आतच राहते, क्षार फुलतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून विटेचे तोंड घेऊनच सुटतो. ऑइलपेंटचेही तसेच आहे. देवळांच्या शिखरांवर आणि दीपमाळांवर चढलेले चकचकीत थर पाहून आपल्या रंगाऱ्याला तो सल्ला सुचला असेल, परंतु खालचा कोरीव दगड त्याखाली आधी बुजतो आणि नंतर सोलतो. भिजवून मुरवलेला चुना वापरणारे कारागीर आता कमी आहेत, पण आहेत. होळकर पुलाजवळचे १७५६ चे सुंदरनारायण मंदिर राज्य पुरातत्त्व विभागाने दुरुस्तीला घेतले तेव्हा झिजलेले दगड उतरवून नवे घडीव दगड बसवण्याचे काम झाले. त्याला वर्षे लागली आणि त्याबद्दल कुरकुरही झाली. घडीव दगडाचे काम सावकाशच होते. तेथे काम केलेल्या कारागिरांची चौकशी करून पाहा.

खर्च बेताचा असेल तर आधी छप्पर आणि पन्हळ, मग पायाजवळचा निचरा, आणि भिंती शेवटी, असा क्रम ठेवावा. वाडे पुरामुळे पडतात असे आपण म्हणतो खरे, पण बरेचसे वाडे छपरातून गळणाऱ्या पाण्याने तुळईची टोके कुजल्यामुळे पडतात. उन्हाळ्यात तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे टोचणीने खुपसून पाहा. टोचणी सहज आत गेली तर पावसाळ्याची वाट न पाहता खाली टेकू द्या.

प्रश्न : नाशिकच्या रहाडी वर्षभर बुजवून ठेवतात आणि फक्त रंगपंचमीला उघडतात. वास्तू अशी गाडून ठेवल्याने तिचे नुकसान होत नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उलट, याच रीतीने त्या टिकल्या. रंग खेळण्यासाठीचे, पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा अशा भर वस्तीतल्या चौकांत आहेत. वर्षभर उघडे राहिले असते तर कचऱ्याने भरले असते किंवा रस्ता रुंद करताना गेले असते. बुजवलेल्या हौदाला ऊन, पाऊस आणि वाहने यांचा त्रास कमी होतो आणि दरवर्षी एकदा तो साफ होतोच. भीती एवढीच की, ज्या रहाडीच्या मानकऱ्यांची परंपरा खंडित होते, ती जमिनीखाली राहूनही विस्मरणात जाते.

प्रश्न : येत्या सिंहस्थापूर्वी घाटावर पुन्हा कामे होतील. त्याआधी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून घाटाची नोंद करून घ्यायची आहे. सुरुवात कोठून करावी? (मुख्याध्यापक, नाशिक जिल्हा)

उत्तर : ताबडतोब करावी, कारण २०२६-२७ च्या सिंहस्थाची कामे सुरू झाली की अनेक जागा पत्र्यांच्या आड जातील. सगळा घाट एकदम हाती घेऊ नका. होळकर पूल ते गाडगे महाराज पूल एवढाच पट्टा घ्या आणि त्यात पुन्हा न हलणारी अशी काही ठिकाणे ठरवा : पुलाचा एखादा कठडा, नारोशंकराच्या तटाचा कोपरा, मारुतीच्या समोरची एखादी पायरी. प्रत्येक वेळी त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेने छायाचित्र घ्यावे. मागे तारीख, वेळ आणि त्या दिवशीचा विसर्ग लिहावा. जागा ठरलेली नसली तर दोन वर्षांनी छायाचित्रे कितीही जमली तरी त्यांची तुलना करता येत नाही.

दुसरे काम गॅझेटिअरमधली कुंडांची यादी घेऊन प्रत्यक्ष पात्रात कोणते कुंड सापडते ते पाहण्याचे. येथे गोंधळ होणार हे धरून चाला. एकाच कुंडाला पुरोहित एक नाव सांगतील, फुलवाल्या मावशी दुसरे आणि फलकावर तिसरेच असेल. तिन्ही नावे लिहून घ्यावीत, मुलांनी आपल्या मनाने एक निवडू नये. नदीपात्रातल्याच गांधी तलावाच्या नोंदीत, गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये येथे गोदावरीत विसर्जित झाल्या हेही यावे, कारण तलाव हे नाव ऐकून बाहेरचा माणूस भलताच अर्थ लावतो.

तिसरे, काठावरच्या वयस्क मंडळींना ‘पूर्वी कसे होते’ असे विचारू नका. त्यावर ‘पूर्वी फार छान होते’ एवढेच उत्तर येते. ‘१९६९ च्या पुरात आपल्या घरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, दाखवता का?’ असे विचारा. आजी उठतील आणि भिंतीवर हात ठेवून दाखवतील. ती उंची टेपने मोजून घ्या. अशा दहा-वीस घरांच्या नोंदी झाल्या तर नकाशावर पुराची एक रेषा काढता येईल आणि ती अधिकृत पूररेषेशी ताडून पाहणे हा नववीच्या भूगोलाचा उत्तम प्रकल्प होईल. मुलांना पात्रात उतरवायचे असल्यास धरणातून पाणी सोडण्याच्या वेळा पाटबंधारे खात्याकडून आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात आणि पावसाळ्यात कोणालाही खालच्या पायऱ्यांवर पाठवू नये.